स्नेक प्लांटची पाने बुडापासून पिवळी आणि मऊ पडत असतील तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील सदनिकेच्या दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत दीड वर्षापासून स्नेक प्लांट आहे. त्याला दर चार दिवसांनी पेलाभर पाणी घातले जाते. जुलैच्या अखेरीपासून बाहेरच्या बाजूची तीन पाने बुडाकडून पिवळी होऊ लागली, ती हाताला मऊ लागतात आणि त्यांपैकी एक पान परवा आपोआप आडवे पडले. झाडाला अन्न कमी पडत असावे असे वाटून आपण गेल्या आठवड्यात १९:१९:१९ हे विद्राव्य खत पाण्यातून दिले. पाणी कमी पडते आहे, कीड लागली आहे की खताची उणीव आहे, आणि पिवळी पाने कापून टाकावीत का, हे आपल्याला विचारायचे आहे.

या तिन्ही शंका मी बाजूला ठेवतो. आपल्या वर्णनावरून झाडाची मुळे आणि मातीखालचा कंद कुजू लागला आहे, आणि त्याचे कारण कुंडीत साचून राहिलेला ओलावा हेच आहे. हे उत्तर वाचून झाल्यावर पाणी थांबवावे, खत अजिबात देऊ नये आणि शक्य असेल तर आजच झाड कुंडीतून बाहेर काढावे. पावसाळ्याच्या दिवसांत आठवडाभराचा उशीर झाला तर अर्धे वाचू शकणारे झाड पूर्ण हातचे जाते, म्हणून हे आधी लिहिले. आता कारणे सांगतो, कारण ती समजल्याशिवाय पुढच्या वर्षीही हेच घडेल.

पिवळे पान पाहिल्यावर बहुतेक जण रंगाकडे पाहतात. मी गेली अनेक वर्षे रोपवाटिका चालवतो आणि माझा अनुभव असा आहे की रंगावरून निदान जवळजवळ कधीच होत नाही. पान कोणत्याही कारणाने खंगले की त्यातील हरितद्रव्य मोडते आणि त्याच्याआड आधीपासून असलेली पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. तहान, भूक, थंडी, म्हातारपण आणि कूज या सगळ्यांचा शेवट पिवळेपणातच होतो. निदान करायचे ते स्पर्शावरून, आणि पान नेमके कोठून मऊ पडले आहे त्यावरून. स्नेक प्लांट तहानलेला असेल तर त्याचे पान पातळ होते, त्यावर उभ्या सुरकुत्या पडतात, कडा आत वळू लागतात आणि टोके वाळतात. पण असे पान बुडाशी घट्टच असते. कुजणारे पान मात्र बुडाशी, म्हणजे मातीच्या रेषेजवळ, चिमटीत धरल्यास दबते, तेथे पाणी भरल्यासारखे पारदर्शक दिसते, किंचित ओढताच हातात येते, आणि तुटलेल्या टोकाला नासलेल्या भाजीसारखा वास येतो. आपले आडवे पडलेले पान अजून घरात असेल तर त्याचे खालचे टोक हुंगून पाहावे. एवढ्यानेही बरीचशी खात्री होईल.

हे झाड मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातील आहे. बरीच वर्षे त्याला सॅन्सेव्हिएरिया म्हणत; २०१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ड्रॅसीना या प्रजातीत धरतात. नाव बदलले तरी स्वभाव तोच आहे. त्याचे जाड पान म्हणजे पाण्याची साठवण आहे. दिवसा ते आपली पर्णरंध्रे मिटून घेते आणि रात्री हवा थंड झाल्यावर उघडते, त्यामुळे त्याच्यातून उडून जाणारे पाणी फारच थोडे असते. मातीखाली आल्याच्या गड्ड्यासारखा आडवा वाढणारा कंद असतो, त्यातही साठा असतो. असे झाड आठवड्याला दोन पेले पाणी पिऊच शकत नाही. तुळस किंवा जास्वंद तेवढे पाणी दोन दिवसांत संपवेल. हे झाड ते तसेच मुळांभोवती ठेवून देते.

पाण्याने मूळ कुजते असे आपण म्हणतो, पण पाणी स्वतः मूळ कुजवत नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि त्यासाठीचा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचण्याचा वेग सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो. गुदमरलेले मूळ आधी काम थांबवते, मग मरते, आणि मेलेल्या मुळावर मातीत नेहमीच असणारे पिथियम, फ्युझेरियम यांसारखे रोगकारक तुटून पडतात. त्यांच्यापाठोपाठ मऊ कुजीचे जीवाणू आले की ते पेशींना एकमेकींशी सांधणारे पेक्टिन विरघळवून टाकतात. आपल्या हाताला जाणवलेला मऊपणा तो हाच: पेशी सुट्या झाल्या आहेत आणि पानाचा आकार धरून ठेवणारे काही उरलेले नाही. म्हणून असे पान पुन्हा कधीच कडक होत नाही. या गोष्टीचा स्वीकार केला की कापायला हात कचरत नाही.

आता खताविषयी. आपला हेतू चांगला होता, पण आजारी मुळांना खत देणे हे उलट्या होत असलेल्या माणसाला पक्वान्न वाढण्यासारखे आहे. विद्राव्य खत म्हणजे क्षार. ते मातीच्या पाण्यात वाढले की निरोगी मुळालाही पाणी ओढायला अधिक जोर लागतो, आणि अर्धमेल्या मुळांना ते जमतच नाही. शिवाय नत्राची उणीव असती तर पान एकसारखे फिकट झाले असते, हळूहळू, महिन्यांच्या अवधीत, आणि ते मऊ पडले नसते. स्नेक प्लांटला उपासमारीने मरताना मी पाहिलेले नाही.

मग दीड वर्ष हेच पाणी चालले आणि आत्ताच काय झाले, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ऋतूत आहे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, पंखा दिवसभर चालतो, उजेड भरपूर असतो. दिलेले पाणी चार-सहा दिवसांत बरेचसे उडून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीतील हवेत आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, आभाळ भरलेले असते, पावसाचे शिंतोडे येतात म्हणून खिडक्या लावलेल्या असतात. तेवढेच पाणी त्याच कुंडीत तीन आठवडे टिकते. चार दिवसांचा नियम उन्हाळ्यात कसाबसा चालला आणि पावसाळ्यात तोच झाडाच्या जिवावर उठला. माझ्याच रोपवाटिकेतील एक गोष्ट सांगतो. एका जुलैत शेडनेटखाली ठेवलेल्या स्नेक प्लांटच्या ओळींपैकी नेमकी एक ओळ पिवळी पडून कोसळली. माती, खत, रोपांचे वय, सगळे सारखेच होते. शोध घेतल्यावर लक्षात आले की जाळीचा एक भाग खाली लोंबला होता आणि पावसाचे पाणी तेथून त्या एका ओळीवर सतत ठिबकत होते. बाजूच्या हातभर अंतरावरच्या कुंड्या ठणठणीत होत्या. त्या दिवसानंतर मी मृग लागण्यापूर्वी सगळी रसाळ झाडे पत्र्याखाली हलवू लागलो.

टीव्हीशेजारचा कोपरा हेही एक कारण आहे. हे झाड अंधारात चालते असे विकताना सांगितले जाते. ते अंधारात मरत नाही इतकेच खरे आहे. उजेड कमी असेल तर ते वाढत नाही, आणि वाढत नाही म्हणजे पाणी वापरत नाही. १९८९ साली अमेरिकेतील नासाने बंदिस्त पेटीत केलेल्या प्रयोगात या झाडाने हवेतील काही विषारी वायू शोषले होते, तेव्हापासून ते शयनगृहातल्या कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत पडली. बंद पेटी आणि वारा खेळणारे घर यांत फार अंतर आहे. हवा शुद्ध होईल या आशेने झाडाला उजेडापासून दूर ठेवू नये, एवढे मी आवर्जून सांगेन.

कुंडीला तळाशी भोक आहे की नाही हे आपण लिहिलेले नाही. चिनी मातीच्या अशा कुंड्या पुष्कळदा शोभेच्या असतात आणि त्यांना भोक नसते. तसे असेल तर दोष आपल्या हाताचा कमी आणि कुंडीचा जास्त आहे. काही जण अशा कुंडीत तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालतात आणि पाण्याचा निचरा झाला असे समजतात. तसे होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांच्या पोकळीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजून गच्च झाल्यावरच ते खाली पडते. म्हणजे खडीमुळे पाणथळ थर उलट वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरावा. थोड्या वेळाने ठिबकणे थांबते. तोच स्पंज उभा केला की आणखी पाणी गळते. आडव्या स्पंजात अडकून राहिलेले ते पाणी म्हणजेच उथळ कुंडीच्या तळचा ओलावा. भोकावर माती सांडू नये म्हणून एखादे खापर ठेवायला हरकत नाही, पण थर नको.

आता प्रत्यक्ष काम. कुंडी आडवी करून, बाजूंना हलके ठोकून, पाने न ओढता संपूर्ण गोळा बाहेर काढावा. माती बोटांनी मोकळी करावी आणि मुळे नळाखाली धुवावीत, कारण चिखलात चांगले-वाईट ओळखू येत नाही. येथे नवख्या माणसाची एक चूक ठरलेली असते: स्नेक प्लांटचा निरोगी कंद आणि पुष्कळदा मुळेसुद्धा नारिंगी-पिवळसर असतात, ती पाहून लोक रोग समजतात आणि कापून टाकतात. रंगाला न घाबरता दाबून पाहावे. निरोगी मूळ ताठ असते. कुजलेले मूळ तपकिरी किंवा काळे असते आणि ओढले की त्याची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. कंद नखाने दाबला असता बटाट्यासारखा टणक लागला पाहिजे.

धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्यावी आणि मऊ भाग सगळा कापावा; नुसता मऊ भाग काढून थांबू नये, तर कापलेल्या जागी तपकिरी ठिपका किंवा कडे दिसेनासे होईपर्यंत आणखी थोडे आत जावे. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसावी. तीनही पिवळी पाने बुडापासून काढून टाकावीत. पान वरून अर्धे हिरवे असले तरी त्याचे बूड मऊ असेल तर ते झाडावर ठेवण्यात काहीच लाभ नाही, कारण या झाडाचे पान बुडातूनच वाढते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कापलेले तुकडे त्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत. त्यांतील सॅपोनिनमुळे त्यांना उलट्या होतात.

कापून झाल्यावर झाड लगेच लावायची घाई करू नये. उरलेले भाग वर्तमानपत्रावर, सावलीत, पंख्याखाली पसरून ठेवावेत. उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात. सध्याच्या दमट हवेत चार-पाच दिवस ठेवावेत. झाड उघड्यावर मरेल ही भीती बाळगू नये, पानांत महिनाभर पुरेल इतके पाणी आहे. जखमेवर कोरडी, कडक खपली धरली पाहिजे. त्यावर हळद लावावी का, दालचिनीची पूड लावावी का, असे नेहमी विचारले जाते. लावल्याने बिघडत नाही, पण काम करतो तो कोरडेपणा. औषधाच्या दुकानात बहुधा कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक हातात दिले जाईल. फ्युझेरियमसारख्या बुरशीवर त्याचा उपयोग आहे, पण पिथियम हा खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही आणि त्याच्यावर ते चालत नाही. घरातल्या एका कुंडीसाठी मी रसायनाच्या मागे लागत नाही. नव्या मातीत चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारक बुरशींना आवर घालणारी उपकारक बुरशी, मिसळणे मला अधिक पसंत आहे, आणि तेही निचरा सुधारल्यानंतरच.

मातीच्या बाबतीत थोडा अधिक वेळ घ्यावा, असा माझा आग्रह आहे. जुनी माती पुन्हा वापरू नये. रोपवाटिकेतून येणारी झाडे दोन प्रकारच्या मातीत असतात. काहींत निव्वळ कोकोपीट असते, जे स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते आणि वरून कोरडे दिसत असताना आत ओलेच असते. काही झाडे चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात, जो सुकला की विटेसारखा होतो. देशावरची काळी माती तर कुंडीत मुळीच नको. बेसाल्ट खडकापासून झालेली ती चिकणमाती ओली झाली की फुगते आणि हवेला जागाच ठेवत नाही. मी या झाडासाठी दोन भाग जाड वाळू किंवा हरभऱ्याच्या दाण्याएवढे विटांचे तुकडे, एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट आणि मूठभर चाळलेले गांडूळखत घेतो. बांधकामाची क्रश सँड वापरायची असेल तर ती चार-पाच पाण्यांनी धुवावी, कारण तिच्यातील दगडाची भुकटी सिमेंटसारखी बसते आणि निचऱ्याचा सगळा हेतू वाया जातो. मिश्रण मुठीत दाबून सोडले की ते ढेकूळ न राहता विस्कटले पाहिजे.

कुंडी साध्या भाजलेल्या मातीची, भोक असलेली, आणि उरलेल्या मुळांपेक्षा दोन बोटेच मोठी असावी. मुळे कमी झाली आहेत, म्हणून कुंडीही लहान होणार हे मान्य करावे. मोठ्या कुंडीत ज्या मातीपर्यंत मुळे पोहोचत नाहीत ती ओलीच राहते आणि आपण पुन्हा जेथून निघालो तेथेच येतो. कंद वरून जेमतेम झाकला जाईल इतकाच खोल लावावा. पाने डोलत असतील तर दोन काड्यांचा आधार द्यावा, खोल पुरून स्थिर करू नये.

समजा कंद पूर्णच कुजला असेल, तरी झाड गेले असे नाही. पानाचा वरचा टणक भाग घ्यावा, त्याचे वीतभरापेक्षा थोडे लहान तुकडे करावेत, खपली धरू द्यावी आणि प्रत्येक तुकडा खालची बाजू खालीच ठेवून दोन बोटे खोल खोचावा. उलटा खोचलेला तुकडा मुळे धरत नाही, म्हणून कापतानाच खालच्या टोकाला तिरका काप देऊन खूण करून ठेवावी. मुळे यायला महिना-दीड महिना आणि त्यानंतर फुटवा दिसायला आणखी दोन-तीन महिने लागतात. आपल्या झाडाच्या पानांना पिवळी किनार असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्यावी: पानाच्या तुकड्यापासून झालेले झाड साधे हिरवे येते, किनार राहत नाही, कारण ती किनार पानाच्या एका वेगळ्या पेशीथरातून आलेली असते आणि नवा फुटवा आतल्या हिरव्या पेशींतून निघतो. किनार हवी असेल तर कंदाचा निदान अंगठ्याएवढा टणक तुकडा वाचवावाच लागतो. त्यासाठी मी कंद कापताना सुपारीएवढा चांगला भागसुद्धा टाकून देत नाही.

कीड नसल्याची खात्रीही याच वेळी करून घ्यावी. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावेत. त्यांच्यामुळे पान पिवळे होते, पण बुडापासून मऊ होऊन कोसळत नाही. मातीवर उडणारी बारीक काळी चिलटे मात्र ओलावा जास्त असल्याची खूण आहे. पानाच्या मधोमध फिकट, कागदासारखा कोरडा चट्टा पडला तर ते कडक उन्हाने भाजणे. तापमान दहा अंशांच्या खाली गेल्यास पाण्याने भरलेले मऊ डाग पडतात. ठाण्यात त्याची चिंता नाही, पण निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर राहिलेल्या झाडांना ते होते.

लावल्यावर पहिले आठ दिवस पाणी अजिबात देऊ नये. मग एकदा तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि त्यानंतर वाराने नव्हे तर मातीने ठरवावे. खराट्याची किंवा बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून दहा मिनिटे ठेवावी. बाहेर काढल्यावर तिला माती चिकटली किंवा ती ओलसर लागली तर पाणी नाही. बोटाने वरचे दोन पेर तपासणे तुळशीला पुरते, या झाडाला पुरत नाही, कारण प्रश्न नेहमी तळाशी असतो. कुंडी उचलून तिचे वजन हाताला ओळखीचे करून घेणे हा याहूनही चांगला उपाय आहे. महिन्याभरात सवय होते. पावसाळ्यात तीन-चार आठवडे पाण्याविना गेले तरी घाबरू नये. एप्रिल-मेमध्ये दहा-बारा दिवसांनी लागेल. कुंडी खिडकीपासून हात-दोन हात अंतरावर, जेथे दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येते अशा जागी ठेवावी.

पाच-सहा आठवड्यांनी पान हलकेच वर उचलून पाहावे; ते जागचे हलले नाही तर मुळांनी धरले असे समजावे. मातीतून भाल्याच्या टोकासारखा कोंब दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर दिसेल, आणि तो दिसेपर्यंत खताला हात लावू नये. खत द्यायचेच तर ते फेब्रुवारीनंतर, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मे. ती पांढरी कुंडी टाकून देण्याची गरज नाही. मातीची लहान कुंडी तिच्या आत ठेवावी, पाणी घालताना बाहेर काढावी, न्हाणीघरात अर्धा तास निथळू द्यावी आणि तळ कोरडा झाल्यावर परत आत ठेवावी.